सर दोराबजी टाटा : तारण न मागता दिलेले धन

३ जून हा सर दोराबजी टाटा यांचा स्मृतिदिन. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव आणि पोलाद कारखान्याचे पहिले अध्यक्ष, एवढी त्यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. पण आपल्या बेळगावकरांचे त्यांच्याशी आणखी दोन धागे जुळलेले आहेत. एक खेळाचा, दुसरा आजारपणाचा. खेळाचा धागा आपण अभिमानाने सांगतो. आजारपणाचा मात्र सहसा सांगत नाही. घरातल्या कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे लागले, तर त्याची वाच्यता आपल्याकडे आजही हळू आवाजातच होते. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी या वेळी आम्ही दोराबजींचे चरित्र सांगताना त्यांच्या कारखान्यांपेक्षा त्यांच्या शेवटच्या वर्षावर जास्त भर देणार आहोत. त्या एका वर्षात त्यांनी आपल्या संपत्तीचे जे केले, त्याचा लाभ आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांपर्यंत पोहोचला आहे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. शालेय शिक्षण मुंबईत झाल्यावर वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवले. १८७७ ते १८७९ अशी दोन वर्षे ते केंब्रिजला होते. तिथे अभ्यासाइतकेच त्यांचे मन क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये रमले. पुढे मुंबईला परत येऊन त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८२ मध्ये बी. ए. केले. शिक्षण संपल्याबरोबर वडिलांच्या गादीवर बसले असे झाले नाही. दोन वर्षे त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात वार्ताहर म्हणून नोकरी केली. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात आले. जमशेटजींनी त्यांना आधी पाँडिचेरीला गिरणीची शक्यता अजमावायला पाठवले आणि नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला लावले. धंदा खालून शिकायचा, ही त्या घरातली रीत होती.

जमशेटजींचे म्हैसूरला एक स्नेही होते, डॉ. होरमसजी भाभा. ते म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. मुलगा त्या बाजूला कामासाठी जाणार म्हटल्यावर वडिलांनी त्याला भाभांच्या घरी जाऊन यायला सांगितले. त्यामागचा हेतू काय असेल, हे मुला-मुलींची लग्ने जमवलेल्या वाचकांना सांगायला नको. भाभांची कन्या मेहेरबाई आणि दोराबजी यांचा विवाह १८९८ मध्ये झाला. दोराबजी तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि मेहेरबाई अठरा.

मेहेरबाई नवऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या नव्हत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीसाठी मोहम्मद सलीम यांच्या जोडीने त्यांची नोंद झाली होती. खेळाबाहेरही त्यांचे काम मोठे होते. स्त्रियांचे शिक्षण, पडदा पद्धत, बालविवाह या प्रश्नांवर त्या देशात आणि परदेशात बोलत राहिल्या. मुलींच्या विवाहाचे वय वाढवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, त्यासाठी मत तयार करणाऱ्यांमध्ये त्या होत्या. भारतीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. या दांपत्याला मूल झाले नाही. ही गोष्ट पुढच्या हकिगतीत महत्त्वाची आहे.

१९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. त्यांच्या तीन मोठ्या योजना तेव्हा कागदावरच होत्या. पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि विज्ञान संशोधनाची संस्था. तिन्ही पूर्ण करण्याचे काम दोराबजी, त्यांचे धाकटे बंधू रतनजी आणि सहकारी यांच्यावर आले. लोखंडाच्या शोधात दोराबजी भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्याबरोबर आपल्या विदर्भातल्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात बैलगाडीने हिंडले. तिथे हवे तसे जमले नाही, पण शोध पुढे चालू राहिला. १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली. लंडनच्या सावकारांनी भांडवल द्यायला कां-कूं केली, तेव्हा भागविक्री मुंबईत झाली. स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत आठ हजारांच्या आसपास भारतीयांनी मिळून भागभांडवल पुरे केले. १९१२ मध्ये कारखान्यातून पहिले पोलाद बाहेर पडले. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये अस्तित्वात आली होती, आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९१० मध्ये दोराबजींना सर ही पदवी मिळाली.

आता तो बेळगावचा धागा. दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तिथे मैदानी स्पर्धा झाल्या. खेडेगावांतून आलेली पोरे अनवाणी पळत होती, पण त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या तोडीच्या आहेत हे केंब्रिजच्या या जुन्या खेळाडूच्या नजरेतून सुटले नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताची तुकडी पाठवायचे ठरले, त्यात दोराबजींनी स्वतःच्या खिशातून खर्चाचा मोठा वाटा उचलला. त्या तुकडीत आपले फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळवला. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

चरित्र सांगायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वीजनिर्मितीसाठी टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी पाण्याखाली जाण्याची वेळ आली. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह झाला. बापटांनी तुरुंगवास भोगला, पण धरण झालेच. ज्यांची भाताची खाचरे गेली, त्या कुटुंबांच्या पिढ्यांना टाटा हे नाव वेगळ्या कारणाने लक्षात राहिले आहे. दोराबजींच्या संपत्तीत हाही हिशेब आहे. तो वगळून त्यांच्या दानाची गोष्ट सांगणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात कारखान्याच्या पोलादाला मोठी मागणी होती. त्या जोरावर विस्तार हाती घेतला आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळले. परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले. १९२४ मध्ये अशी वेळ आली की जमशेदपूरच्या कामगारांचे पगार भागवायला पैसे नव्हते. कारखाना बंद पडतो की काय अशी अवस्था होती. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कंपनीसाठी कर्ज उचलले. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते. त्यांचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. हा हिरा सुमारे २४५ कॅरेटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा.

इम्पीरियल बँक म्हणजे आजच्या स्टेट बँकेची पूर्वज. आम्ही सारी हयात बँकेच्या नोकरीत काढली. सोनेतारण कर्जाच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. पुरुष अर्जावर सही करतो, पण डबी उघडून बांगड्या काढून देणाऱ्या बाईचा चेहरा वेगळेच काही सांगत असतो. दागिना गहाण टाकणे ही घरातली शेवटची पायरी असते. टाटांच्या घरातही ती वेगळी नसणार. कंपनी लिमिटेड असताना मालकाने घरचे दागिने पणाला लावावेत, अशी कायद्याची सक्ती नव्हती. त्याच वर्षी सरकारने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, कारखाना हळूहळू सावरला आणि कर्ज फिटले. तारण परत आले.

सात वर्षांनी मात्र असे संकट आले, की त्यापुढे कोणतेही तारण चालणार नव्हते. मेहेरबाईंना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. उपचारांसाठी त्यांना इंग्लंडला नेले होते. आज या रोगाची अनेक रूपे माहीत आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर औषधे आहेत. १९३१ मध्ये यांतले काही नव्हते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार का वाढतात, याचे उत्तर जगातल्या कोणत्याच डॉक्टरकडे नव्हते. पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, शुश्रूषागृह होते. फक्त औषध नव्हते. १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या रुथिन इथे मेहेरबाई गेल्या. वय अवघे एकावन्न. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना विसावा देण्यात आला.

दोराबजी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. घरात मूलबाळ नाही, बंधू रतनजी १९१८ मध्येच गेलेले, आणि आता पत्नीही गेली. अशा वेळी माणूस देवधर्माकडे वळतो किंवा पत्नीच्या नावाने एखादी इमारत बांधतो. आपल्याकडेही देवळाच्या पायरीवर, शाळेच्या खोलीवर, स्मशानातल्या निवाऱ्यावर आपल्या माणसाचे नाव कोरण्याची रीत आहे. ती रीत वाईट नाही. दगडावरचे नाव वाचून मन शांत होते. दोराबजींनी निवडलेली वाट मात्र वेगळी होती.

मार्च १९३२ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे दानपत्र केले आणि आपली जवळजवळ सगळी संपत्ती, सुमारे एक कोटी रुपयांची, त्यात घातली. कंपन्यांमधले भाग, जमीनजुमला आणि मेहेरबाईंचे दागिनेही त्यात आले. शिक्षण, संशोधन आणि गरजूंना मदत यांसाठी, जात, धर्म, प्रांत न पाहता हा पैसा वापरावा असे त्यात ठरले. आठ वर्षांपूर्वी जे दागिने पगारांसाठी तारण गेले होते आणि सुटून आले होते, ते आता कायमचे घराबाहेर पडले. ज्युबिली हिरा दोराबजींच्या पश्चात विकला गेला आणि ती रक्कम ट्रस्टकडे आली.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९३२ मध्ये, त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. हा ट्रस्ट खास ल्युकेमियाच्या संशोधनासाठी होता. त्याच्या उत्पन्नाचे पाचांतले चार भाग जगात कुठेही चाललेल्या ल्युकेमियाच्या संशोधनाला द्यायचे आणि एक भाग भारतातल्या रोगनिवारणाच्या संशोधनाला, अशी वाटणी ठरली. तिसरा एक लहान निधीही झाला. त्यात लोकांच्याही देणग्या होत्या आणि तो स्त्रियांना आरोग्य आणि समाजसेवेचे शिक्षण मिळावे यासाठी होता. मेहेरबाईंच्या आयुष्यभराच्या कामाला तो धरून होता.

यातल्या दुसऱ्या निधीकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. संशोधनाला दिलेला पैसा हा बँकेच्या भाषेत सर्वांत वाईट कर्जव्यवहार आहे. तारण नाही, मुदत नाही, हप्ता नाही. दहा प्रयोगांतले नऊ फसणार हे आधीच माहीत असते. दहावा यशस्वी झाला, तरी त्याचा फायदा कुणा अनोळखी देशातल्या अनोळखी माणसाला होणार. कर्जाचा असा प्रस्ताव आमच्यापुढे आला असता, तर नियमाप्रमाणे आम्हाला तो परतच करावा लागला असता. दोराबजी मुरलेले व्यापारी होते, त्यांना हे कळत नव्हते असे नाही. पण ज्या रोगावर औषधच नाही, त्याच्यासाठी नुसते रुग्णालय बांधून काय होणार? आधी कुणीतरी प्रयोगशाळेत बसून रोग समजून घ्यायला हवा. तो माणूस इंग्लंडचा असो, डेन्मार्कचा असो वा भारताचा. मुद्दल जागेवर राहील आणि त्याच्या उत्पन्नातून अशा माणसांना वर्षानुवर्षे मदत मिळत राहील, अशी ही व्यवस्था होती. देश पारतंत्र्यात असताना एका भारतीयाने जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी निधी ठेवावा, ही गोष्ट त्या काळात किती वेगळी असेल!

ट्रस्टची कामे मार्गी लावून एप्रिलमध्येच दोराबजी युरोपला निघाले. पत्नीच्या समाधीचे दर्शन घ्यायचे होते. ते झाले नाही. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे त्यांचे निधन झाले. मेहेरबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाला तेव्हा पंधरा दिवस उरले होते. ब्रुकवुडला पत्नीशेजारीच त्यांना दफन करण्यात आले.

पुढचे काम त्यांच्या विश्वस्तांनी केले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा काढली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पत्नीला मिळाले तसे उपचार आपल्या देशातही मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या नवरोजी सकलातवालांनी आणि पुढे जे. आर. डी. टाटांनी ती तडीस नेली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सुरुवातीला ऐंशी खाटा होत्या. कॅन्सर हा शब्द उच्चारायलाही लोक घाबरत, त्या काळात त्याच एका रोगासाठी उभारलेले हे रुग्णालय होते.

तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर आले. या मराठी शास्त्रज्ञाचे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे. इथल्या माणसांच्या सवयी आणि इथला कॅन्सर यांचा संबंध त्यांनी शोधला. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कॅन्सर यांचे नाते त्यांनी पुढे आणले. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने तिथल्या कातडीला होणाऱ्या कॅन्सरची नोंदही त्यांनी केली. या गोष्टी लंडनच्या प्रयोगशाळेत बसून कुणाला दिसल्या नसत्या. १९५२ मध्ये परळलाच भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र निघाले, त्याचे पहिले संचालक खानोलकरच होते.

रुग्णाला औषधाइतकीच आधाराचीही गरज असते, हेही परळच्या परिसरात लोकांनी ओळखले. १९५१ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. लोकांना रोगाची माहिती देणे, वेळीच तपासणी करणे, रुग्णांना पैशाची मदत करणे, बऱ्या झालेल्यांना पुन्हा उभे करणे ही कामे तिने हाती घेतली. १९६३ मध्ये तिने मुंबईत कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू केली. कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर किती होतो, हे आकडे असल्याशिवाय सरकारपुढे मागणी कशी मांडणार? हिशेब ठेवणे हीसुद्धा रुग्णसेवाच आहे, असे आम्हाला वाटते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा गावोगावच्या कॅन्सर रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना निवारा देते, तेही याच साखळीतले काम.

रुग्णालय ट्रस्टने स्वतःजवळ धरून ठेवले नाही. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. अणुऊर्जा खात्याचे प्रमुख तेव्हा डॉ. होमी भाभा होते. मेहेरबाई या होमींच्या सख्ख्या आत्या. आत्याच्या आजारपणातून ज्याची कल्पना निघाली, ते रुग्णालय असे भाच्याच्या खात्याकडे आले.

आणि ल्युकेमियाचे काय झाले? मेहेरबाई गेल्या, त्यानंतर सतरा वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने लहान मुलांचा ल्युकेमिया काही काळ आटोक्यात आल्याचे दाखवले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथले संशोधनप्रमुख डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. तो विजय तात्पुरता होता, पण दार किलकिले झाले. २००१ मध्ये ल्युकेमियाच्या एका प्रकारावर रोज घ्यायची गोळी आली. आज चांगल्या केंद्रांत उपचार मिळालेली बहुतेक मुले ल्युकेमियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारातून बरी होतात. हे सगळे लेडी टाटा ट्रस्टमुळे झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. अनेक देशांतल्या अनेक निधींनी आणि शेकडो शास्त्रज्ञांनी थोडा थोडा भार उचलला, त्यातला एक भार हाही होता. पण तो १९३२ इतक्या आधी उचललेला होता आणि आजही खाली ठेवलेला नाही. दरवर्षी जगभरचे तरुण संशोधक मेहेरबाईंच्या नावाची ही मदत घेऊन ल्युकेमियावर काम करतात.

आपल्या मंडळात कुणाच्या वर्षश्राद्धाला, कुणाच्या पंचाहत्तरीला देणग्या दिल्या जातात. सभागृहाला पंखे येतात, खुर्च्या येतात, त्यांवर नावे येतात. ते चालू राहावेच. त्यातला लहानसा वाटा एखाद्या रोगाच्या संशोधनाला किंवा रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेला देता येईल का, याचा विचार घराघरांत व्हावा असे आम्हाला वाटते. देण्यापूर्वी संस्थेची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब अवश्य पाहावेत, हा जुन्या सवयीचा सल्ला. आणि ज्यांच्या घरातले कुणी परळहून बरे होऊन आले आहे, त्यांनी ते लपवू नये. आज ज्यांच्या हातात पहिलाच रिपोर्ट पडला आहे, त्यांना कुठे उतरायचे, कोणती कागदपत्रे न्यायची, पहिल्या दिवशी काय होते, एवढे सांगणारा गावचा माणूस मिळाला तरी अर्धी भीती जाते. त्याला पैसे लागत नाहीत.